ठेवलीस की ठेवली?

"अगं, स्कूटरची किल्ली कुठे ठेवलीस?"

लग्नानंतरची तीस-बत्तीस वर्षं हा प्रश्न मी रोज सकाळी साडेनऊच्या आसपास विचारला. किल्ली बायकोने ठेवलेली नसायची. तिला स्कूटर येतच नाही, ती किल्लीला हात कशाला लावील? आदल्या संध्याकाळी मीच ती कुठेतरी टाकलेली असायची. कधी फ्रिजवर, कधी भाजीच्या पिशवीत, एकदा तर तांदळाच्या डब्यावर. ती पोळी लाटता लाटता मान वर न करता म्हणायची, "कालच्या पँटीच्या खिशात बघा." किल्ली तिथे असायची आणि मी निघून जायचो. आभार वगैरे मानायची आपल्याकडे पद्धत नाही.

निवृत्तीनंतर एकदा असाच प्रश्न विचारला, तेव्हा ती लाटणं खाली ठेवून म्हणाली, "अहो, आता तरी 'कुठे ठेवली' म्हणा. 'ठेवलीस' नको." रागाने नाही, अगदी सहज. मला मात्र ते लागलं. एका अक्षराने मी माझा वेंधळेपणा रोज तिच्या नावावर टाकत होतो. मी बँकेत नोकरी केली. तिथे एकाच्या नावची रक्कम दुसऱ्याच्या खात्यात गेली तर लेखी खुलासा द्यावा लागतो. घरात मी तीस वर्षं चुकीच्या खात्यात नोंदी करत होतो आणि कुणी खुलासा मागितला नव्हता.

व्यवस्थितपणावर लिहायचं ते या 'स'बद्दल. पहाटे पाचला उठा, दिवसाचं वेळापत्रक करा, कपाटात रंगीत डबे लावा, हे सांगणारे खूप आहेत आणि ते डबे विकणारे त्याहून जास्त. माझा मुद्दा तो नाही. अव्यवस्थितपणाला आपण स्वभाव म्हणतो. मी म्हणतो, ती उधारी आहे. मी पसारा करतो तेव्हा आवरण्याचं काम नाहीसं होत नाही, ते कुणाच्या तरी माथी जातं. आणि आपल्या घरांत ते कुणाच्या माथी जातं, हे सांगायची गरज नाही.

स्वभावाची सबब किती पोकळ आहे ते माझ्याच उदाहरणावरून दाखवतो. मी नोकरीला लागलो तेव्हा शाखेत संगणक नव्हते. जाडजूड लेजरं, व्हाउचरांचे गठ्ठे, संध्याकाळी डे बुक. ताळा पैशापैशाने जुळल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही. सत्तर पैशांच्या फरकासाठी आम्ही रात्री नऊपर्यंत बसलेलो आहोत. पाच वर्षांपूर्वीचं व्हाउचर लेखापरीक्षकाने मागितलं की मी दहा मिनिटांत काढून द्यायचो आणि त्याचा मला अभिमान होता. तोच मी घरी आलो की टॉवेल कुठे वाळत घातलाय ते मला दिसायचं नाही. टॉवेल दोरीवरच असायचा.

आता सांगा, माणूस तोच, डोळे तेच, मग सहाच्या ठोक्याला स्वभाव कसा बदलतो? एसटीचा कंडक्टर घ्या. चालत्या गाडीत, धक्के खात, तो तिकिटांचा आणि सुट्या पैशांचा हिशेब चोख ठेवतो आणि डेपोत भरून देतो. शिंप्याला चाळीस गिऱ्हाइकांची मापं आणि कुणाच्या ब्लाउजचं अस्तर कुठल्या गाठोड्यात आहे ते ठाऊक असतं. यांतल्या कित्येकांना घरी स्वतःची बनियन सापडत नाही. म्हणजे व्यवस्थितपणा येत नाही असं नाही. जिथे चूक आपल्याला भोवते तिथे आपण नीट वागतो आणि जिथे दुसऱ्याला भोवते तिथे 'मी पहिल्यापासूनच असा' म्हणतो.

शब्दसुद्धा कसे वाटून घेतलेत पाहा. पुरुष गबाळा असला तर "आमचे हे अगदी भोळे सांब" असं कौतुकाने म्हणतात. प्राध्यापक, कवी, गवई यांचा विसराळूपणा तर त्यांच्या मोठेपणाचं लक्षण ठरतो. बाई तशीच असली तर? "आईने काही वळण लावलं नाही." पाहुणे आले आणि हॉलमध्ये पसारा दिसला, तर तो नवऱ्याच्या वर्तमानपत्रांचा का असेना, मान तिची खाली जाते.

या विषयावर आकडेही आहेत. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो असं आढळलं. जे पुरुष घरकामाला हात लावतात त्यांची सरासरी ८८ मिनिटं. मुळात हात लावणारे पुरुषच थोडे, हे वेगळं. पण मला त्या २८९ मिनिटांच्या पलीकडचं दिसतं. सिलिंडर कधी लावला, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या किती उरल्या, मुलाच्या फीचा शेवटचा दिवस कोणता, नणंदेच्या मुलीचं केळवण करायचं राहिलंय, सोसायटीच्या मेंटेनन्सचा चेक दिला की नाही, दळण आणायचंय, रेशन कार्डाची झेरॉक्स कुठल्या कप्प्यात आहे. पोळी लाटता लाटता हे सगळं डोक्यात फिरत असतं. त्यात माझी किल्लीही. हे मिनिटांत मोजून कुठल्या रकान्यात भरणार?

किल्लीचं एकवेळ ठीक आहे. पण हीच सवय कागदांना लागते तेव्हा काय होतं, ते मी नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत पाहिलं. माझ्या टेबलावर मृत खातेदारांचे दावे यायचे.

एक प्रसंग सांगतो, नाव-गाव वगळून. पन्नाशी ओलांडलेल्या एक बाई नवऱ्याच्या तेराव्यानंतर आठवड्याभरात आल्या. हातात साड्यांच्या दुकानाची पिशवी. त्यांनी ती माझ्यापुढे रिकामी केली. विजेची बिलं, दोन लग्नपत्रिका, मुदत संपलेलं गॅरंटी कार्ड, एक फाटलेलं पासबुक आणि एका मुदत ठेवीच्या पावतीची झेरॉक्स. मूळ पावती नाही. नवरा शिस्तीचा म्हणून गावात नाव होतं, चपलासुद्धा ओळीत लागायच्या. पण पैशाचं त्याने बायकोला कधी सांगितलं नव्हतं. "तू कशाला डोक्याला ताप करून घेतेस?" म्हणायचा. आमच्याकडे त्याच्या चार ठेवी निघाल्या. त्यांतल्या दोन ठेवींवर नामांकन नव्हतं. आणखी दुसऱ्या बँकेत काही होतं का, विमा होता का, कुणाला उसने दिले होते का? बाईंना काहीच माहीत नव्हतं. त्या एवढंच म्हणाल्या, "सगळं त्यांनाच विचारायचे ना मी." पुढचे आठ महिने त्या खेपा घालत होत्या. आमच्या खिडकीवरून एक कागद राहिला म्हणून त्यांना परत पाठवायचे तेव्हा मला त्यांच्याकडे बघवत नसे.

रिझर्व्ह बँकेच्या अहवालाप्रमाणे मार्च २०२४ अखेर देशातल्या बँकांमधली दावा न केलेली ठेव रक्कम ७८,२१३ कोटी रुपये होती. दहा वर्षं खात्याकडे कुणी फिरकलं नाही की ती रक्कम २०१४ साली सुरू झालेल्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीकडे जाते. ती बुडत नाही. खातेदार किंवा वारस कधीही आपल्या बँकेकडे मागू शकतो आणि शोधण्यासाठी २०२३ पासून 'उद्‌गम' नावाचं संकेतस्थळही आहे. पण आपल्या माणसाने काही ठेवलं होतं हेच ज्याला ठाऊक नाही, तो शोधणार काय? हे सगळे पैसे गबाळेपणाचेच आहेत असं मी म्हणणार नाही. कुणी परदेशी गेलं, कुणाला वारसच उरला नाही. तरी या आकड्यामागे 'तू कशाला डोक्याला ताप करून घेतेस' म्हणणारे किती असतील, याचा अंदाज माझ्या टेबलावर बसलेल्या कुणालाही येईल.

जमिनीचंही तेच. आजोबा जाऊन पंचवीस वर्षं झाली तरी सातबाऱ्यावर त्यांचं नाव चालूच. वारस नोंद 'करू सावकाश' म्हणून राहिलेली. शेवटी २०२५ मध्ये राज्य सरकारला 'जिवंत सातबारा' नावाची मोहीम काढावी लागली, मेलेल्यांची नावं कमी करून हयात वारसांची लावण्यासाठी. मोहिमेचं नावच पुरेसं बोलकं आहे. आणि ती सावकाशी कुणाला सोयीची पडते, तेही उघड आहे. लेकींची आणि विधवांची नावं जितकी उशिरा चढतील तितकं बरं वाटणारे भाऊबंद प्रत्येक गावात आहेत. आळस आणि लबाडी यांची अशी छान गट्टी असते.

बँकेतली एक पद्धत मला इथे आठवते. तिजोरीच्या दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन माणसांकडे असतात. एकट्याने ती उघडताच येत नाही. रजेवर जाताना किल्ली रजिस्टरात सही करून दुसऱ्याच्या हाती द्यायची. यात अविश्वासाचा भाग आहेच, पण माणूस उद्या येईलच याची खात्री नाही हा शहाणपणाही आहे. शाखेत मी ही पद्धत इमानाने पाळली. घरी मात्र ठेवी, विमा, कर, पासवर्ड हे सगळं एकट्या माझ्या डोक्यात, आणि गोळ्या, गॅस, किल्ल्या, नातीगोती हे सगळं एकट्या तिच्या. आमच्यापैकी कुणीही एक गेला असता तर दुसरा अर्ध्या घरात आंधळा झाला असता. बायकोवर विश्वास होता, म्हणून सांगितलं नाही, असं मी स्वतःला समजावायचो. विश्वास होता तर सांगायला काय हरकत होती?

कुणी म्हणेल, आपल्या लोकांच्या अंगातच शिस्त नाही. हे मला मान्य नाही. ताम्हन, पळी, निरांजन, घंटा, उदबत्तीचं घर, या वस्तू पिढ्यान्‌पिढ्या देवघरात आपापल्या जागी असतात. देवघरातली पळी हरवली असं तुम्ही कधी ऐकलंत? घरातलं शेंबडं पोरही ती डोळे मिटून आणून देईल. जागा ठरलेली आहे आणि ती सगळ्यांना माहीत आहे, एवढंच त्यातलं रहस्य. समर्थांनी तर दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला दिला. अक्षर कसं काढावं, पोथी कशी लिहावी, हे सांगणं त्यांना अध्यात्माच्या खालचं वाटलं नाही.

त्याहून मोठं उदाहरण वारीचं. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीत दिंड्यांना क्रमांक असतात, रथाच्या पुढच्या आणि मागच्या. लाखोंचा जमाव, रोज नवा मुक्काम. संध्याकाळी समाजआरतीला सगळ्या दिंड्या जमतात, टाळ-मृदंगांचा गजर चाललेला असतो. चोपदार चोप उंचावतो आणि क्षणात शांतता होते. मग हरवल्या-सापडल्या वस्तू पुकारल्या जातात. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ थांबवत नाही. तिचे टाळ वाजत राहतात, मग तिथे जाऊन विचारपूस होते, तोडगा निघतो. मला यातली शांतता जितकी आवडते तितकेच ते न थांबणारे टाळही. नीट चाललेल्या व्यवस्थेत 'माझ्यावर अन्याय होतोय' हे सांगायची सोय असावी लागते. आपल्या घरांतून ती सोय नाही. तिथे बाई भांडी जरा जोरात आपटते आणि आपण म्हणतो, आज हिचं डोकं फिरलंय.

मुलांबद्दल थोडं. शाळेच्या पिशवीला आपण दप्तर म्हणतो. पेशवे दप्तर म्हणतो तोच हा शब्द. पुण्याच्या त्या दप्तरात मोडी कागदांचे गठ्ठे फडक्यात बांधून ठेवलेले असतात आणि त्या बांधलेल्या गठ्ठ्याला रुमाल म्हणतात. दप्तर हे मुलाचं पहिलं कार्यालय, आणि ते रोज रात्री भरतं कोण? आई. वही विसरली तर शाळेतून फोन कुणाला? आईला. मुलगी असेल तर आठव्या-नवव्या वर्षी तिच्याकडून हे काम करून घेतलं जातं, वर भावाच्या दप्तराकडेही बघायला सांगितलं जातं. मुलगा दहावीला गेला तरी त्याची पाण्याची बाटली कुणीतरी भरून देतं. पुढे तो 'अगं, कुठे ठेवलीस' म्हणणारा नवरा झाला, तर त्यात नवल कसलं? मुलग्याला आपलं दप्तर आपण भरू द्या. वही विसरेल, दोनदा छडी नाही तरी बोलणी खाईल, तिसऱ्यांदा विसरणार नाही. हे लिहिताना माझ्या मुलाचा चेहरा समोर येतोय. त्याचं दप्तर मी एकदाही पाहिलं नाही, आणि त्याला भरायलाही लावलं नाही.

माझ्या सुधारणेची हकिकत फार उज्ज्वल नाही. दाराशी एक खिळा ठोकला, किल्लीसाठी. पहिल्या महिन्यात तीन वेळा किल्ली तिथे नव्हती. तिन्ही वेळा मी स्वतः शोधली. एकदा त्यापायी पाऊण तास गेला आणि नातेवाइकांकडचा साखरपुडा चुकला. बायको कोचावर बसून पेपर वाचत होती. तिला किल्ली कुठे आहे ते माहीत होतं, असा मला आजही संशय आहे. तिने सांगितलं नाही, हे तिचे माझ्यावर उपकार.

मग फाइल. बाजारातून कागद लावायची एक साधी लाल फाइल आणली. सगळ्या ठेवींचे क्रमांक, विमा, घराचे कागद, पेन्शनचा तपशील, पासवर्ड लिहिलेलं बंद पाकीट. प्रत्येक ठेवीवर नामांकन आहे का ते तपासलं. बँकेत जन्म काढलेल्या माझ्याच एका जुन्या आवर्त ठेवीवर ते नव्हतं! १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेव खात्यावर चार जणांपर्यंत नामांकन करता येतं. मात्र नामांकित माणूस मालक होत नाही, तो वारसांच्या वतीने रक्कम ताब्यात घेणारा विश्वस्त असतो. म्हणून साधं का होईना, मृत्युपत्र वेगळं करावं लागतं. हे सगळं मी दोन रविवार बसून बायकोला समजावून सांगितलं. दुसऱ्या रविवारी तिने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं मला देता आली नाहीत, सोमवारी शाखेत जाऊन विचारून आलो.

तिसरं काम सर्वांत अवघड गेलं, टाकण्याचं. पिशव्यांत कोंबलेल्या पिशव्या, आइस्क्रीमचे रिकामे डबे, बंद पडलेली तीन घड्याळं, 'असू दे, लागेल कधीतरी'. पूर्वी बोहारीण दारावर यायची, जुन्या कपड्यांवर पातेलं देऊन जायची आणि कपाट आपोआप हलकं व्हायचं. आता आणणाऱ्या गाड्या दिवसातून चारदा येतात, नेणारं कुणी येत नाही. आम्ही चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं राहत होतो तेव्हा घर अधिक नीट असायचं, कारण अंथरूण गुंडाळल्याशिवाय सकाळी पाय ठेवायला जागाच नसे. त्या गरिबीचे गोडवे मला गायचे नाहीत. अंथरुणं गुंडाळायची आईच.

एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. काही घरांत टापटिपीचाच जाच होतो. उशी वाकडी झाली तरी आरडाओरडा, पाहुण्यांनी चहाचा कप कुठे ठेवायचा म्हणून गोंधळून जायचं. स्वतः हुकूम सोडायचे आणि आवरायला बायको, सून नाहीतर कामाच्या मावशी, हा व्यवस्थितपणा मी मानत नाही. ती जमादारी झाली. आपलं आपण उचलायचं, एवढीच माझी अट आहे. मग घरात थोडा पसारा असला तरी चालेल. आमच्याकडे आजही आहे. जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा कायम कागदांखाली असतो, आणि ते कागद माझे आहेत हे मी आता मान्य करतो.

वक्तशीरपणाचं वेगळं लिहीत नाही. 'पाच मिनिटांत पोचतो' म्हणून पाऊण तासाने येणारा माणूसही दुसऱ्याच्याच खात्यातून उचल करत असतो.

वाचणाऱ्या पुरुषांना एक विनंती. या रविवारी बायकोसमोर बसा आणि घरातलं काय काय फक्त तिलाच माहीत आहे ते तिला विचारून लिहून काढा. लिहायचं तुम्ही, तिने नाही. मग तुम्हालाच काय माहीत आहे ते तिला सांगा. माझ्या यादीची पहिली बाजू पाच पानं झाली, दुसरी दीड.

आमच्या स्वयंपाकघरात दाराआड कालनिर्णय असतं. दुधाचा खाडा, इस्त्रीचे कपडे, सिलिंडरची तारीख, सगळं त्या चौकोनांत पेन्सिलीने लिहिलेलं असायचं, बायकोच्या बारीक अक्षरात. यंदाचं जानेवारीत मी टांगलं. दुधाचा हिशेब माझ्या अक्षरात आहे. फेब्रुवारीत दोन दिवस चुकलाय.